सीडी मागणारी मराठी

संगणक दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात तासभर बसले की एक वाक्य हमखास कानावर येते : 'फॉरमॅट मारून विंडोज टाकावी लागेल.' मराठीत 'मारणे' आणि 'टाकणे' ही क्रियापदे किती कामांना जुंपलेली आहेत ते अभ्यासकांना ठाऊक आहेच. आपण शिक्का मारतो, रंधा मारतो, चकरा मारतो. गिरणीत दळण टाकतो, कढईत मोहरी टाकतो, कोर्टात केस टाकतो. वरच्या वाक्यात या दोन क्रियापदांनी दोन अगदी वेगळी कामे एका दमात उरकली आहेत. पहिले काम आहे ते पुसण्याचे आणि दुसरे नवे बसवण्याचे. संगणकाच्या मालकाला बहुधा दुसरेच तेवढे ऐकू येते.

गेली काही वर्षे मी नाशिक जिल्ह्यातल्या घरांत, छोट्या छापखान्यांत आणि वाचनालयांत जुन्या संगणकांमध्ये अडकलेला मराठी मजकूर बाहेर काढत आलो आहे. हे काम मला कोणत्याही विद्यापीठाने दिलेले नाही. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. संगणक मी भंगारातले डबे उघडून आणि पुस्तके वाचून शिकलो. या उद्योगात वारंवार समोर आलेला एक प्रश्न वरवर अगदी तांत्रिक आहे : संगणकाबरोबर आलेली मूळ सीडी हरवली असेल, तर कार्यप्रणाली पुन्हा कशी बसवायची? त्याचे उत्तर शोधताना मला आपल्या लिपीचा एक छोटा, विसरला गेलेला इतिहास सापडला. हा लेख त्या दोहोंबद्दल आहे.

आधी त्या सीडीत काय होते ते पाहू. कार्यप्रणाली म्हणजे हजारो फाइलींचा संच. कळ दाबली की कोणते अक्षर उमटवायचे, डिस्कवरच्या कोणत्या जागी काय ठेवले आहे, छपाईयंत्राशी कसे बोलायचे, हे सगळे तो संच ठरवतो. सीडी ही त्या संचाची वाहतुकीची पेटी. पैसे आपण पेटीचे देत नव्हतो, तर संच एका संगणकावर वापरण्याच्या परवान्याचे देत होतो. सीडी हरवली म्हणून परवाना हरवत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही हे धरलेले आहे. १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये आलेल्या (१)(कक) या तरतुदीनुसार (इंग्रजी पाठात तिची खूण 'एए' अशी आहे), संगणक प्रोग्रॅम ज्याच्याकडे रीतसर आहे त्याला, तो नष्ट किंवा खराब होण्यापासून बचाव म्हणून, मूळ उपयोगापुरती प्रत करून ठेवता येते. आपल्यापैकी फारच थोड्यांनी ती केली, हा भाग वेगळा.

मोठ्या कंपन्यांचे तयार संगणक घेणाऱ्यांना तर पुष्कळदा सीडी मिळालीच नव्हती. डिस्कचा एक कप्पा राखून त्यात मूळ संचाची प्रत ठेवलेली असे, आणि 'पहिल्याच दिवशी यावरून स्वतःच सीड्या करून घ्या' अशी सूचना पुस्तिकेत छापलेली असे. पहिल्या दिवशी आपण संगणकाला हळदकुंकू वाहतो. सूचना वाचत नाही. पुढे डिस्कच बिघडली की मूळ संच आणि त्याची राखीव प्रत दोन्ही एकदम जातात, कारण दोन्ही एकाच तबकडीवर असतात. सुटे भाग जोडून केलेल्या संगणकांची गोष्ट आणखी सोपी होती. दुकानदार स्वतःच्या खणातली, मार्कर पेनने नाव लिहिलेली सीडी लावी आणि परत खणात ठेवी. तिथे हरवायला मूळ सीडी नव्हती आणि परवानाही नव्हता.

आता मराठीचा मुद्दा. विंडोज २००० ही देवनागरी आतून समजणारी मायक्रोसॉफ्टची पहिली प्रणाली. हिंदी, मराठी, कोकणी, संस्कृत आणि तमिळ एवढ्या भारतीय भाषा तिच्यात होत्या. २५ ऑक्टोबर २००१ रोजी एक्सपी बाजारात आली आणि त्यांत गुजराती, कन्नड, तेलुगू, पंजाबी यांची भर पडली. पण इंग्रजी एक्सपी बसवली की या भाषा आपोआप चालू होत नसत. कंट्रोल पॅनेलमध्ये 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स' उघडायचे, त्यातल्या 'लँग्वेजेस' या दुसऱ्या पानावर जायचे आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट व उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या भाषा' यांच्या फाइली बसवण्याच्या चौकटीत खूण करायची. इंग्रजीत तिथे कंसात थाई भाषेचाही उल्लेख होता. आपण अरबी, हिब्रू आणि थाई यांच्या पंगतीला होतो. खूण केली की १० एमबी किंवा अधिक जागा लागेल असे संगणक सांगे. पुढे गेले की एक खिडकी उघडे : एक्सपीची सीडी आत घाला.

इंग्रजी वापरणाऱ्याला ही खिडकी कधी दिसलीच नसेल. त्याची भाषा पहिल्या दिवसापासून डिस्कवर होती. मराठी मात्र सीडीवरच राहिलेली असे. ज्याची सीडी हरवली होती, किंवा ज्याला ती मिळालीच नव्हती, त्याची वाट 'कॅन्सल' या बटणापाशी संपे.

'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' या शब्दांवर रागावण्याचे कारण नाही, त्यांत अर्थ आहे. रोमन लिपीत एक कळ दाबली की एक आकृती उमटते आणि ती शेजारणीशी फारसा संबंध ठेवत नाही. देवनागरीत 'क', हलन्त आणि 'ष' एकापुढे एक आले की तिघांचा मिळून 'क्ष' होतो. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, कागदावर मात्र आधी उभी राहते. ही मांडणी करणारा भाग चालू नसेल तर युनिकोडमधला मराठी मजकूर नुसते चौकोन होऊन दिसे, किंवा अक्षरे सुटी, पाय मोडलेली आणि वेलांट्या उलट्या बाजूला. जानेवारी २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून हा भाग मुळातच चालू येऊ लागला. पण एक्सपी त्यानंतरही वर्षानुवर्षे कार्यालयांत, शाळांत आणि घरांत चालत राहिली. बाजारात एक्सपीच्या 'हलक्या' केलेल्या सीड्या फिरत. जागा वाचवण्यासाठी त्यांतून जे भाग छाटलेले असत त्यांत भाषांचा भाग हमखास असे. ती सीडी हाती असूनही उपयोग नव्हता.

मग मराठी माणसाने काय केले? पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्टपासून श्रीलिपी, आकृतीपर्यंत जी सॉफ्टवेअरे होती त्यांची वाट धरली. त्यांतल्या फॉन्टची युक्ती अशी : संगणकाला वाटते आपण इंग्रजी चिन्हे साठवतो आहोत, आणि फॉन्ट त्या चिन्हांच्या जागी देवनागरी आकृत्या दाखवतो. संगणकाला मराठी समजण्याची गरजच उरत नाही. मराठी टंकन युनिकोडकडे उशिरा का वळले याची कारणे देताना कळफलकाची सवय, छापखान्यांची गुंतवणूक, पेजमेकरचे प्रेम हे सगळे सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. त्या यादीत सीडी मागणारी ही खिडकी मला कुठे दिसत नाही. माझ्या मते ती असायला हवी. तुमच्या हातातल्या अंकासारखे कितीतरी दिवाळी अंक त्या काळात पेजमेकरमध्ये, अशा फॉन्टमध्ये जुळवले गेले. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. तिच्या फाइली इनडिझाइनच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या उघडत. नंतरच्यांनी ते सोडून दिले.

म्हणूनच आजही एखादी एक्सपी पुन्हा जिवंत करावी लागते. हौस म्हणून नव्हे. जुने सॉफ्टवेअर संगणकामागच्या छपाईयंत्राच्या रुंद खोबणीत लावलेले कुलूप पाहिल्याशिवाय उघडत नाही, नव्या संगणकाला ती खोबणच नसते, आणि १६ बिटांच्या काळातले प्रोग्रॅम ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाहीत.

मागच्या वर्षी मार्चमध्ये सटाण्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. निवृत्तीनंतर बारा-तेरा वर्षे ते बागलाणातले अहिराणी शब्द, म्हणी आणि ओव्या गोळा करून संगणकात टंकत होते. कागदावरची टिपणे घराच्या दुरुस्तीत गेली होती. जे होते ते संगणकातच. संगणक सुरू होईना.

"दुकानदार फॉरमॅट मारायचं म्हणतो. मारू देऊ का?"

"सर, हात लावू देऊ नका. तारा काढा आणि डबा तसाच घेऊन या."

असा डबा हाती आला की कार्यप्रणालीचा विचार सर्वांत शेवटी करायचा असतो. फॉरमॅट, विशेषतः झटपट प्रकारचा, डिस्कची अनुक्रमणिका पुसतो. पुस्तकाची पाने तशीच राहतात. अनुभवी माणूस अशा अवस्थेतूनही बरेच काही परत मिळवू शकतो. पण त्या पानांवर नवी विंडोज लिहिली गेली की ज्या पानावर ती उमटली ते पान कायमचे गेले. सरांच्या डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत होता, म्हणजे तिचे वाचनही मोजकेच करायला हवे होते. ती सोडवून दुसऱ्या संगणकाला जोडली. तो संगणक पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर सुरू केला आणि डीडीरेस्क्यू या मुक्त प्रोग्रॅमने तिची अथपासून इतिपर्यंत प्रतिमा घेतली. हा प्रोग्रॅम शहाण्या विद्यार्थ्यासारखा वागतो : सोपे भाग आधी वाचून घेतो, अडलेले मागे ठेवतो आणि शेवटी पुन्हा त्यांच्याकडे वळतो. दीड दिवस लागला. पुढचे सगळे त्या प्रतिमेवर; मूळ डिस्क कपाटात.

प्रतिमेतून सरांच्या फाइली निघाल्या, पण तेवढ्याने भागत नाही, आणि मजकूर वाचवणारे पुष्कळ जण नेमके इथेच थांबतात. सांगितलेल्या युक्तीमुळे त्या फाइली फॉन्टशिवाय उघडल्या की इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणून फॉन्टचा सगळा फोल्डर, सॉफ्टवेअरचा फोल्डर आणि सरांनी स्वतः जमवलेल्या कळफलकाची फाइलही घेतली. सॉफ्टवेअरची सीडी, बिल आणि कुलूप सरांनी सोनपापडीच्या डब्यात जपून ठेवले होते. नव्हती ती फक्त विंडोजची सीडी.

एक्सपीच्या सीडीतला सगळा जीव 'आय३८६' नावाच्या एका फोल्डरमध्ये असतो. हे नाव इंटेलच्या ३८६ या जुन्या प्रोसेसरवरून आलेले. पाचशे एमबीच्या आसपासचा हा फोल्डर कंपन्या अनेकदा संगणकाच्या सी ड्राइव्हवर, कधी तिथल्या विंडोजच्या फोल्डरच्या पोटात, ठेवून देत. तो तिथे असेल तर सीडीची गरजच नाही. मराठीसाठी सीडी मागणाऱ्या त्या खिडकीलाही याच फोल्डरचा पत्ता देता येत असे; हे माहीत असते तर कितीतरी 'कॅन्सल' वाचले असते. यातल्या बहुतेक फाइली दाबून बसवलेल्या असतात आणि त्यांच्या आडनावाचे शेवटचे अक्षर जाऊन तिथे अधोरेषा आलेली असते. एकच फाइल, समजा मंगल हा देवनागरी फॉन्ट, हवी असेल तर 'एक्स्पांड' या आज्ञेने ती उलगडता येते. इथे एक फसगत सांभाळायची. 'सर्व्हिसपॅकफाइल्स' नावाच्या फोल्डरातही एक 'आय३८६' असतो. त्यात फक्त नंतरच्या सुधारणांच्या फाइली असतात. त्यावरून प्रणाली उभी राहत नाही.

सरांच्या डिस्कवर खरा फोल्डर होता. जुन्या बाजारातून एक आयडीई डिस्क आणली, तिच्यावर डॉसला वाचता येईल असा एफएटी ३२ कप्पा केला, तो फोल्डर त्यात उतरवला आणि विंडोज ९८ च्या फ्लॉपीने संगणक सुरू करून 'विनएनटी' हा प्रोग्रॅम चालवला. त्याआधी 'स्मार्टड्राइव्ह' चालू करायला विसरायचे नसते. डॉसचा हा छोटा प्रोग्रॅम वाचलेले काही काळ स्मृतीत धरून ठेवतो. तो नसेल तर फाइली उतरण्याचे वीस-पंचवीस मिनिटांचे काम काही तासांवर जाते आणि माणसाला वाटते संगणक अडकला. याच फोल्डरवरून सीडीही बनवता येते. पण सुरुवातीचा बूट भाग आणि 'विन५१' अशा नावाच्या नाममात्र फाइली तिच्यावर लागतात, कारण एक्सपीचा आतला क्रमांक ५.१ आहे आणि आत घातलेली सीडी आपलीच का, हे ती या नावावरून ओळखते. नंतरच्या, साटा डिस्कच्या संगणकांवर एक्सपी बसवताना निळा पडदा येऊन काम थांबत असेल, तर बायॉसमध्ये डिस्कची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर आणावी. एक्सपीला एएचसीआय मुळात माहीत नाही.

यानंतर २५ चिन्हांची किल्ली मागितली जाते. ती डब्याच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर असते. नाशिककरांना अशा कागदाचे अप्रूप नसावे. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२५ पासून तिकिटे आणि मुद्रांक छापले जातात, आणि त्या स्टिकरमध्ये विणलेली बारीक पट्टीही त्याच जातीची कारागिरी आहे. फक्त शाई तेवढी टिकाऊ नाही. पुसट स्टिकर वाचताना एक गोष्ट फार उपयोगी पडते. एक्सपीपासून विंडोज ७ पर्यंतच्या किल्ल्यांत ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर नाहीत. एल, एन, एस आणि झेड नाहीत. आकड्यांत ०, १ आणि ५ नाहीत. उरतात १७ अक्षरे आणि ७ आकडे, मिळून २४ चिन्हे. म्हणजे शून्यासारखे जे दिसते ते क्यू किंवा डी असणार, आणि पाचासारखे दिसते ते बहुधा सहा. विंडोज ८ पासून त्यांत एन ची भर पडली.

मोठ्या कंपन्यांच्या संगणकांत आणखी एक गंमत असते. आत चालणारी किल्ली आणि स्टिकरवरची किल्ली वेगवेगळ्या असतात. कारखान्यात एकाच किल्लीने हजारो संगणक भरले जातात, आणि प्रणाली बायॉसमधली कंपनीची खूण पाहून स्वतःला खरी मानते. सरांचा मदरबोर्ड तोच होता, फोल्डर त्याच कंपनीचा होता आणि आतली किल्ली जुन्या प्रतिमेतल्या रजिस्ट्रीतून वाचता आली. त्यामुळे ॲक्टिव्हेशनचा प्रश्न उपस्थितच झाला नाही. ८ एप्रिल २०१४ पासून एक्सपीला सुरक्षेच्या सुधारणा मिळणे बंद झाले आहे, म्हणून तो संगणक इंटरनेटला जोडायचा नाही, एवढे सरांना बजावले. सॉफ्टवेअर बसले, कुलूप लागले, पहिली फाइल उघडली : आंडोर, आंडेर.

नव्या संगणकांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे अडचण उरलेली नाही. विंडोज ८ पासून किल्ली मदरबोर्डच्या चिपमध्येच लिहून येते. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करायचा आणि त्यावरून संगणक सुरू करायचा. किल्ली विचारली तर 'माझ्याकडे किल्ली नाही' म्हणून पुढे जायचे. २०२० पासून विंडोज १० ला 'रीसेट' करताना संच थेट इंटरनेटवरून उतरवून घेण्याची सोय आहे. ॲपलने तर २०११ च्या लायनपासूनच तबकडी सोडली. लिनक्सवाल्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. २०११ पर्यंत उबुंटूच्या सीड्या मागणी केली की फुकट टपालाने घरी येत, आणि माझ्याकडे त्यांतली एक अजून आहे. सावध राहायचे ते उलट्या कारणाने. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद होते, आणि तिची ४८ आकडी किल्ली मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती नसेल तर डीडीरेस्क्यूने घेतलेली प्रतिमाही वाचता येत नाही. दुरुस्तीला देण्याआधी ते आकडे कागदावर उतरवून घ्यावेत.

सरांचा मजकूर आता युनिकोडमध्ये आणण्याचे काम चालू आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. त्यामुळे रूपांतर करणारे प्रोग्रॅम रफार आणि पहिली वेलांटी यांवर ठेचकाळतात. 'कीर्तन'चे 'कीतर्न' होते, 'स्थिती'तली वेलांटी अर्ध्या अक्षरात घुसते. प्रमाण मराठीत अशी चूक वाचणाऱ्याला लगेच कळते. अहिराणीत कोणता र कुठे असायला हवा हे बऱ्याच शब्दांबाबत एकट्या सरांनाच सांगता येते. एका टेबलावर तो जुना डबा आणि त्याच्या शेजारी नातीचा लॅपटॉप ठेवून ते ओळीला ओळ ताडून पाहतात. दसऱ्याला फोन झाला तेव्हा ते 'प'मध्ये होते.